होडी

दाजी पेठेतल्या आमच्या बोळात दुपारी
पांढरी गाडी आली, वळवता येईना म्हणून तिथंच उभी राहिली.
सहा माणसं उतरली. टोप्या, पाण्याच्या बाटल्या,
पुढं शिना कोंड्याल, परवाच गाईड झालेला,
मोठ्यानं सांगत, हे खऱ्या विणकराचं घर, या, या.
आणि आलेच ते
बुटांसकट, उंबरा ओलांडून,
वाळत घातलेल्या सुताखालनं वाकून
थेट आईपर्यंत.

आई मांडीवर सूप घेऊन बसलेली.
पान, तंबाखू, दोरा. पान, तंबाखू, दोरा.
मे महिना, पत्रा तापलेला,
पदर खांद्यावरनं सरकलेला.
एकानं गुडघा टेकून तिच्या बोटांचा फोटो काढला.
दुसऱ्यानं नुसत्या बोटांचा नाही काढला.

मला राग यायला पाहिजे होता.
पण ते बूट माझ्या ओळखीचे होते.

सात वर्षांमागं मोम्बासाला टॉवेलचे माग बसवायला गेलो होतो.
सुट्टीच्या दिवशी शिडाच्या नावेतून एका बेटावर,
सकाळी जायचं, पाणी उतरायच्या आत परतायचं.
मी सोलापूरचा. पाणी म्हणजे
चार दिवसांआड नळाला येतं ते.
एवढं सगळं एकदम बघून जरा चढलोच होतो.
नाववाला म्विन्यी वाटेत शिकवत होता,
कुणाच्या दारात गेलास की म्हण, होडी.
मी म्हटलं, हो हो, होडी! आमच्याकडं पण होडीच म्हणतात.
आणि नावेच्या लाकडावर थाप मारून दाखवली.

बेटावरच्या गल्ल्या आमच्या बोळापेक्षा अरुंद.
समोरून कुणी आलं तर एकानं भिंतीला लागायचं.
एक कोरीव दार उघडं दिसलं. गेलो आत.
शिंदीच्या रंगवलेल्या पात्यांची पट्टी विणत
एक बाई बसलेली, बोटं थेट आईसारखी.
मी कॅमेरा वर केला.
तिनं कापड तोंडावर ओढलं, सावकाश,
आणि एका पोरानं दार माझ्या अंगावर अर्धं लोटलं.

म्विन्यीनं दंडाला धरून मला बाहेर उन्हात उभं केलं.
होडी, तो म्हणाला. आणि थांबला.
होडी. थांबला.
तीनदा हाक मारायची. आतून काही आलं नाही तर वळायचं.
वाकून बघायचं नाही, वाईट वाटून घ्यायचं नाही.
तेव्हा कळलं,
होडी म्हणजे येऊ का.

तिसऱ्या हाकेला आतून आलं, करीबू.
बिनकानाच्या कपात काळी कॉफी मिळाली.
तिनं माझ्या खांद्यावरचा टॉवेल मागून घेतला
आणि आधी उलटा करून बघितला.
विणणारं माणूस उलटी बाजूच बघतं आधी.
एक तुटका धागा सापडला तिला.
त्यावर बोट ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं,
मी मान खाली घातली.
तिचा फोटो माझ्याकडं नाही.

शिना, ह्यांना बाहेर घे बे.
काय झालं अण्णा?
काय नाही. बाहेर घे, मग आत घेऊ.

मीपण उभा राहिलो त्यांच्यासोबत, माझ्याच दारात.
म्हणा, येऊ का.
येवूका, ते म्हणाले, शिंकल्यासारखं.
आत कात्रीचा आवाज.
पुन्हा म्हणाले.
शेजारचा माग थांबला, लाईट गेली असणार.
एका लुकड्या पोरीनं आपणहून बूट काढले होते,
तापल्या शहाबादी फरशीवर ती एकेक पाय उचलत होती.
तिसऱ्यांदा तिनं एकटीनंच म्हटलं, हळू.

आत बांगड्या वाजल्या, म्हणजे पदर वर गेला.
पण हातातली जुडी पंचवीस झाल्याशिवाय
आई कुणालाच उत्तर देत नाही, मलासुद्धा.
आम्ही थांबलो.

मग आली हाक, रा.
आणि लगेच, ते फोटो काढलालेत की मघाशी, दाखव म्हण आधी.

तो पुढं झाला, फोन धरला.
आईनं तंबाखूचे हात लुगड्याला पुसले, फोन घेतला,
आणि पहिल्यांदा
उलटा करून बघितला.